बाहेरच्या कड्याचं पाणी

हिरालाल आप्पांना पाण्याचा पेला दिला की ते पीत नाहीत. उठून अंगणात जातात, मोकळी जागा बघून पेला हळूच जमिनीवर ओततात, डाव्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेतात आणि उकिडवे बसून पाणी जिरताना बघत राहतात. पाणी दिसेनासं झालं की "हं" म्हणतात आणि परत येऊन बसतात. त्यानंतर आलेला चहा मात्र ते बिनतक्रार पितात.

आमच्या नंदुरबारच्या गल्लीत कोणी नवीन राहायला आलं की त्याला हे आधी सांगून ठेवतात. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही सामान लावत होतो. रेखानं, म्हणजे माझ्या बायकोनं, खोक्यातून पेला शोधून काढला, धुतला, पुसला, भरून दिला, आणि आप्पांनी तो तिच्या डोळ्यांदेखत ओतून टाकला. तिला वाटलं, पेल्यात काही पडलं असेल. तिनं दुसरा दिला. तो दोन हात पलीकडे ओतला गेला. तिसरा द्यायला ती काही उठेना. आप्पा त्यांच्या अहिराणीत शांतपणे म्हणाले, "बाई, तुन्हा अंगणना हाऊ कोपरा भरावना शे. आठे पहिले खड्डा व्हता."

मी घरमालकाला विचारलं. खरंच तिथे पूर्वी चुना भिजवायचा खड्डा होता, बुजवून वर माती ओढलेली. रेखा त्याच कोपऱ्यात पाण्याची टाकी बसवणार होती. आम्ही ती निमूटपणे दुसऱ्या बाजूला बसवली.

मला मात्र आप्पा नवीन नव्हते. मी एसटीत कंडक्टर, प्रवाशांच्या भाषेत मास्तर. नंदुरबार ते शहादा हा माझा नेहमीचा मार्ग, आणि त्या मार्गावर हा माणूस मी कित्येक वर्षं बघत होतो, फक्त नाव माहीत नव्हतं. आम्ही त्यांना कडीवाले म्हणायचो. कारण त्यांच्याबरोबर कायम दोन लोखंडी कडी असायची. एक परातीएवढं रुंद, दुसरं त्याच्या निम्मं, दोन्ही गुडघ्याच्या जरा खालपर्यंत उंच, जाड पत्र्याची, वर झाकण नाही आणि खाली बूड नाही. एसटीच्या कंडक्टरला जगातल्या सगळ्या वस्तू सामान म्हणून ओळखता येतात. पोतं, पेटी, सायकल, कोंबड्या, एकदा तर एकानं दाराची चौकट आणली होती. पण ही बिनबुडाची भांडी कशात घालावी ते मला कळेना. पहिल्यांदा मी विचारलं होतं, "बाबा, ह्यांचं बूड कुठंय?"

"बूड वावरमा शे," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

त्यांच्याबरोबर त्यांची बायको असायची, सिंधू आक्का. लहान कडं आप्पांच्या पायाशी, मोठं आक्कांच्या मांडीवर उभं. ते त्या दोन्ही हातांनी धरून बसायच्या, आणि वळण आलं की कडंही थोडं वळायचं, त्यामुळे मागून बघणाऱ्याला वाटावं की गाडी आक्काच चालवतायत. दोन अर्धी तिकिटं, दोन कडी. दोघं कुठल्यातरी फाट्यावर उतरायची आणि संध्याकाळच्या गाडीला त्याच फाट्यावर उभी असायची, उन्हानं तांबूस झालेली. कधी रस्त्याकडेच्याच शेतात दिसायची. भर उन्हात एक छत्री, तिच्याखाली दोन वाकलेली डोकी, शेजारी पाण्याच्या कळशा. प्रवाशांना मजा वाटायची. कोणीतरी म्हणायचंच, "आप्पानी वावरमा सत्यनारायण मांडेल शे."

गल्लीत शेजारी झाल्यावर सत्यनारायणाचा उलगडा झाला. आप्पा माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. निवृत्त झाले, पण त्यांच्या मते निवृत्त फक्त खुर्ची होते. जमिनीला पाणी द्यायचं तर आधी ती तासाला किती पिते हे कळायला हवं, नाहीतर ठिबक, पाट, बोअर सगळं अंदाजपंचे, असं त्यांचं म्हणणं. ते कळायला ही कडी. दोन्ही एकात एक ठेवून, वर फळी धरून, हातोड्यानं जमिनीत वीतभर ठोकायची आणि दोन्हींत पाणी भरायचं. आतल्या कड्यात पट्टी उभी धरून पाणी किती उतरलं ते घड्याळ लावून चार तास लिहीत राहायचं. बाहेरच्या कड्यातलं पाणी कोणी मोजत नाही. ते फक्त आतल्याच्या बरोबरीनं भरत राहायचं.

"मग ते भरायचं तरी कशाला?" मी विचारलं होतं.

"आतलं पानी एकलं ठेवं ना, ते आजूबाजूले पळी जास. बाहेर पानी ऱ्हायनं का ते सरळ खाले जास."

हे सांगताना आप्पांनी आक्कांकडे बघितलं नव्हतं. आक्का भाजी निवडत होत्या, त्यांनीही मान वर केली नव्हती. म्हणून मी ते फक्त शास्त्र म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

प्रयोगशाळेतले आप्पांचे किस्से ऐकताना मला माझे प्रवासी साधे वाटायला लागायचे. आपल्याकडे तपासणी म्हटलं की लोकांना परीक्षा वाटते, आणि परीक्षेला कोणी वाईट पोरगं पाठवत नाही. माती आणा म्हटलं की शेतातली सगळ्यात चांगली माती यायची. एका बाईंनी तुळशीच्या कुंडीतली आणली होती, चाळून. आप्पांनी विचारलं, "तुन्ही तुळस किती एकर शे?" तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्यानं, छोटूभाईंनी, बोअरचं पाणी म्हणून घरच्या फिल्टरचं पाणी भरून आणलं, वर बाटलीला लाल दोरा. आप्पा त्यांना म्हणाले, "छोटूभाई, केळीले बी फिल्टरनंच पाजशी का?" छोटूभाई रागावले. म्हणाले, तपासायला चांगलं पाणी द्यायचं नाही तर काय खारं द्यायचं? शेवटी आप्पा स्वतः लुना घेऊन त्यांच्या मळ्यावर गेले, अर्धा तास बोअर चालू ठेवली, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळली आणि मग भरली. पाणी खारंच निघालं. छोटूभाईंनी आधी दोन महिने बोलणं टाकलं आणि मग एक केळीचा घड पाठवला.

पण आप्पांचं खरं प्रसिद्ध वाक्य वेगळं आहे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यात पाणी ओतलं की घटाघटा जातं, माणसाला वाटतं काय छान निचरा आहे. भेगा फुगून मिटल्या की तीच जमीन पाणी धरून बसते. म्हणून आप्पा म्हणतात, "काळी जिमीन पहिला आर्धा घंटा खोटं बोलस. पहिला आर्धा घंटा धरू नको."

हे त्यांनी जमिनीपुरतं ठेवलं असतं तर गल्लीला काही त्रास नव्हता. नवीन सून कामसू आहे म्हटलं, की पहिला अर्धा तास धरू नको. नवीन हेडमास्तर गोड बोलतात, पहिला अर्धा तास. टीव्हीवर पुढाऱ्याचं भाषण लागलं, की आप्पा घड्याळ बघून उठून जातात आणि पाऊण तासानं परत येतात. एकदा गल्लीतल्या एका मुलीसाठी मुलगा बघायला शहाद्याला जायचं होतं, वडीलधारे म्हणून आप्पांना नेलं. पोहे झाले, चहा झाला, मुलगा सगळ्यांना पसंत पडला, मंडळी उठली. आप्पा उठेनात. "पाच मिनिट बठा," म्हणाले. ती पाच मिनिटं साडेतीन तास चालली. घरच्यांना स्वयंपाक करावा लागला. जेवणं झाली, बोलायला काही उरलं नाही, सगळे भिंतीकडे बघत बसले, आणि तेवढ्यात मुलानं मोबाईलचा चार्जर सापडत नाही म्हणून आईला सगळ्यांसमोर असं काही सुनावलं की मुलीच्या बापानं चपला घातल्या. तेव्हापासून स्थळ बघायला आप्पांना न्यायला लोक घाबरतात आणि नेतातही.

ते "पाच मिनिट बठ" मात्र गल्लीत कोणालाच नको असायचं. आप्पा दारात उभे दिसले की माणसं मोबाईल कानाला लावून पुढे जायची. मीही जायचो. खोटं कशाला सांगू, कंडक्टरला मोबाईल न वाजताही बोलता येतं.

सिंधू आक्का गेल्याला आता दोन वर्षं होत आली. छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं. मुलगा सुरतेहून आला, दिवस करून परत गेला, आप्पांना चला म्हणाला. ते म्हणाले, सुरतेत सगळीकडे काँक्रीट, तिथे पाणी कुठे ओतू. महिन्याभरात ते पुन्हा माझ्या गाडीत चढले. तसेच, तेच जाकीट, तेच घड्याळ. तिकीट एक झालं होतं, त्याचं कारण मला माहीत होतं. कडंही एकच होतं, लहानवालं. वय झालं, ओझं होत नसेल असं मी धरून चाललो. सामान कमी झालं की कंडक्टर प्रश्न विचारत नाही.

आता माझं सांगतो. रनाळ्याच्या शिवारात वडिलांची तीन एकर जमीन आहे, खालचे दोन एकर काळे, वरचा एक जरा हलका. इतकी वर्षं ती पावसावर, कापूस नाहीतर ज्वारी. मागच्या वर्षी बोअरला पाणी लागलं, आप्पांनी तपासून चांगलं आहे म्हणून सांगितलं, आणि आमच्या घरात केळीची भाषा सुरू झाली. रेखाला शेताची ओढ फार. तिचं म्हणणं, आपण आयुष्यभर गाडीच्या वेळेवर जगलो, आता जरा झाडांच्या वेळेवर जगू. मलाही डबल ड्युटी सोडायची होती. केळी साधली तर ती सुटणार होती, फसली तर निवृत्तीपर्यंत घंटी वाजवत राहायची. एवढा साधा हिशोब होता.

आप्पांनी वैशाखात एका सकाळी शेतात जाऊन माप घेतलं. मी ड्युटीवर होतो. संध्याकाळी त्यांनी कागद दिला. निचरा चांगला, केळीला चालेल. मी तो कागद देवघरात ठेवला. तीन एकराची रोपं सांगितली, ठिबकच्या नळ्या आणून पडल्या, रेखानं शेतावर बसायला बाजेची नवी नवार विणून घेतली. रोपं मृगात, पुढच्या सोमवारी यायची होती.

गुरुवारी संध्याकाळी आप्पा आले. रेखानं सवयीनं पेला दिला आणि अंगणातली वाट मोकळी करून बाजूला झाली.

आप्पांनी पाणी पिऊन टाकलं.

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला, बोटानं थोडा सरकवला, आणि म्हणाले, "मास्तर, मन्हं माप चुकनं."

मला आधी वाटलं, आकडेमोड चुकली असेल. तसं नव्हतं. "तुन्हा वावरमा मी एकच कडं ठोकं," ते म्हणाले. "पानी बाजूले पळनं. जिमीन पेस त्यानपेक्षा जास्त दखायनं. आनि मी पुरा चार घंटा बी नही बठनू, दीड घंटामाच उठनू. माले ठोकतांनाच माहीत व्हतं."

मला राग आला. अगदी मनापासून आला. रोपं सोमवारी येणार होती, आणि ज्या माणसानं गल्लीतल्या प्रत्येक सुनेला, जावयाला साडेतीन तास बसून तोललं, त्यानं माझ्या शेताला दीड तासात पास करून टाकलं होतं. मी आवाज चढवूनच विचारलं, "मंग दुसरं कडं का बरं नही ठोकं, आप्पा?"

"त्यामा पानी कोन टाकी?"

मी म्हणालो, मला सांगायचं होतं. रेखाला सांगायचं होतं. गल्लीत एवढी माणसं आहेत.

आप्पांनी रिकामा पेला पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाले, "पाच मिनिट बठ, इतलंच सांगता येस माले. चार घंटा बठ, हाई कोनले सांगू? ती गयी तवयपासून मी कोनलेच नही सांगं. एकला माणूसले चार घंटा खावाले उठतस, मास्तर."

माझा राग गेला असं नाही, पण तो कुठे ठेवावा ते मला कळेना. मोबाईल कानाला लावून त्यांच्या दारावरून किती वेळा गेलो ते आठवायला लागलं आणि मान वर करवेना.

रेखा उठली, पेला उचलला. "सकाय चाला, आप्पा," ती म्हणाली. "पानी मी टाकसू."

शुक्रवारी मी रजा टाकली. आप्पा लुनावरून लहान कडं घेऊन आले आणि मोठं कडं त्यांच्या घरामागच्या पडवीतून मी काढलं. दोन वर्षांत त्याला गंज चढला होता. आत कोळ्यानं जाळं विणलेलं. आप्पांनी ते स्वतः पुसलं, मला हात लावू दिला नाही.

शेतात दोन्ही कडी ठोकली, पाणी भरलं. आप्पा पट्टी धरून आतल्या कड्यावर वाकले, रेखा तांब्या घेऊन बाहेरच्या कड्यापाशी बसली, आणि मला छत्री धरायचं काम मिळालं. पाणी भराभर उतरू लागलं. पट्टीवरचे आकडे पळताना बघून माझ्या जिवात जीव आला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, जमीन नुसती गटगट पीत होती. मी म्हणालो, "आप्पा, चांगली पिते की."

आप्पांनी मान वर केली नाही. रेखाच म्हणाली, "पहिला आर्धा घंटा धरू नका." आप्पा जरा हसले, दोन वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं.

तासाभरानं पट्टीवरचं पाणी रेंगाळू लागलं. दोन तासांनी माझ्या हाताला रग लागली. रेखा थोडं थोडं पाणी घालत होती, कमी झालं की आप्पा नुसतं बोट दाखवायचे, जास्त झालं की "हं" म्हणायचे. मधून तिनं विचारलं, आक्कांना कंटाळा नाही यायचा का. आप्पा म्हणाले, त्या बसल्या बसल्या भावाबहिणींची सगळी गाऱ्हाणी सांगायच्या. चार तासांत एका भावाचं पूर्ण व्हायचं. आपण त्यातलं काही ऐकलं नाही, पट्टी बघत होतो. हे सांगून ते पुन्हा पट्टी बघू लागले, पण त्या वेळचा आकडा लिहायला विसरले. तो रेखानं घड्याळ बघून सांगितला.

तिसऱ्या तासाला पाणी जवळजवळ उभं राहिलं. आप्पा कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "आते खरं बोली ऱ्हायनी जिमीन," म्हणाले. तरी ते चौथा तास पूर्ण बसले.

निकाल सरळ होता. पावसाळ्यात खालच्या दोन एकरांत केळीची मुळं पाण्यात उभी राहिली असती आणि कुजली असती. तिथे कापूस, मागून हरभरा, आणि कडेनं पाणी काढून द्यायला खोल चर. वरचा एकर मुरमाड आहे, तिथे उंच गादीवाफे करून केळी होईल, पण त्याचंही माप घ्यायचं, दोन्ही कड्यांनी. मी तिथूनच रोपवाटिकेत फोन लावला आणि दोन एकराची रोपं दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं. एक एकर केळीत डबल ड्युटी पूर्ण सुटत नाही, निम्मी सुटते. रेखा म्हणाली, चालेल.

बांधावरच्या निंबाखाली बसून आप्पांनी वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. ते चष्मा पुसत होते तोवर मी ती सहज चाळली. प्रत्येक पानावर गाव, शेतकरी, तारीख, मग वेळ आणि उतरलेलं पाणी यांचे रकाने. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पट्टीनं आखलेला एक जास्तीचा रकाना. बाहेरचं पाणी: सिंधू. पुढचं पान, बाहेरचं पाणी: सिंधू. मी पानं उलटत राहिलो, गावं बदलत होती, शाई बदलत होती, ती ओळ बदलत नव्हती. मग शेवटच्या दोन वर्षांची पानं आली. रकाना तसाच आखलेला, आणि रिकामा. माझ्या शेताच्या पानावरही रिकामा.

मी विचारलं, "आप्पा, बाहेरचं पाणी तर मोजत नाहीत. मग नाव कशाला लिहिता?"

"मोजतस नही म्हनीसन," ते म्हणाले. "नाव तरी लिखनं पडस."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. माझ्या शेताचं जुनं पान काढलं, चांगल्या निचऱ्याच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली. मग खालच्या रिकाम्या रकान्यात, अक्षर वळणदार यावं म्हणून सावकाश, लिहिलं: कोणी नव्हतं.

पान उलटून त्यांनी आजचे आकडे उतरवले. तळाशी आले, पेन थांबवलं, रेखाकडे बघून विचारलं, "बाई, तुन्हं नाव काय लिखू?" ती म्हणाली, नुसतं रेखा लिहा. त्यांनी लिहिलं. मी म्हणालो, चार तास छत्री धरणाराचंही कुठेतरी लिहा.

"छत्रीना रकाना नही शे, मास्तर," आप्पा म्हणाले.

निघताना लहान कडं त्यांनी लुनाच्या पुढच्या जागेत बसवलं. मोठं कडं रेखा माझ्या मोटारसायकलवर मागे बसून मांडीवर दोन्ही हातांनी धरून होती. आप्पा पुढे, आम्ही मागे. लुना एरवीही जोरात जात नाही, त्या दिवशी तर बैलगाडी पुढे जाईल इतकी सावकाश होती. तिला आरसा एकच आहे, उजव्या बाजूला. रनाळ्यापासून नंदुरबारपर्यंत आप्पा थोड्या थोड्या वेळानं त्यात बघत होते, बाहेरचं कडं मागून येतंय ना, एवढंच.